गाडीचा पाळणा होतो तेव्हा

मैत्रिणींनो, ह्या पानांवर आपण लोणच्याला बुरशी का येते ते वाचलं, कुकरची रिंग कधी बदलावी ते वाचलं, पावसाळ्यात डाळी कशा टिकवाव्यात तेही वाचलं. आज मी लिहिणार आहे गाडीच्या शॉकअपबद्दल; आणि तेही मोटारीच्या नाही, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या टोचनच्या गाडीच्या शॉकअपबद्दल. नाक मुरडून पान उलटू नका हं! कुकरची रिंग आणि गाडीचा शॉकअप एकाच जातीचे. एका दिवसात कधी बिघडत नाहीत. रोज थोडे थोडे सैल होत जातात, आणि रोज वापरणाऱ्या माणसाला ते कळत नाही.

आमचं घर नांदेडचं, माझं माहेर लातूरचं. घरात एक सहा चाकी छोटा ट्रक आहे, त्याच्या पाठीवर क्रेनचा हात, साखळ्या, हूक, पट्टे. ह्यांचा धंदा तोच. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली, खड्ड्यात गेली, पुलाच्या कठड्याला धडकली की फोन येतो, आणि हे ताटावरून उठून जातात. आपल्याकडे ह्याला ‘टोचन’ म्हणतात. इंग्रजीतल्या टो-चेनचं आपल्या जिभेवर टोचन झालं असावं. हा धंदा तसा शंभर वर्षांहून जुना. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी अर्नेस्ट होम्स नावाच्या एका गॅरेजवाल्याने १९१६ साली खांब, कप्पी आणि साखळी एका जुन्या मोटारीवर बसवून अशी पहिली गाडी तयार केली, आणि आज त्या गावात टोचनच्या गाड्यांचं संग्रहालय आहे. मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “संग्रहालय नंतर बघू, आधी डिझेलचं बिल बघ!”

बिलं बघणं माझ्याकडेच आहे. सकाळी शाळेत चार तास भूगोल शिकवायचा, दुपारी स्वयंपाकपाणी, आणि रात्री गाडीची वही. ह्या वहीचं महत्त्व पुढे येईलच.

शॉकअप म्हणजे काय, हे मला आमच्या मिस्त्रींनी सांगितलं, पण खरं समजलं ते दिवाळीत चकल्या करताना. गाडीचं वजन पेलतात ते पाटे. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकावर एक ठेवून बांधलेल्या असतात ना, ते. जुन्या टांग्यालाही असायचे. माझ्या आजीच्या दमणीला तेही नव्हते, तिथे खाली कडबा आणि वर गोधडी हाच काय तो उपाय. पाटे खड्ड्याचा धक्का झेलतात, पण त्यांची एक खोड असते. एकदा दाबले की ते उसळतात, पुन्हा दबतात, पुन्हा उसळतात. पाळण्याला झोका दिला आणि दोरी सोडली तर तो कसा बराच वेळ हलत राहतो, तसंच. तो पाळणा हाताने धरून थांबवायचं काम शॉकअपचं. म्हणजे नावात ‘धक्का शोषणारा’ असलं तरी धक्का झेलतात पाटे, आणि हा झोका थांबवतो.

आता चकलीचा सोऱ्या आठवा. नळीत घट्ट पीठ, वरून दट्ट्या, खाली बारीक भोकं. हळू दाबलं तर पीठ निमूट उतरतं, जोरात दाबायला गेलं की दट्ट्या अडतो आणि मनगट दुखतं. शॉकअपच्या नळीत पिठाऐवजी तेल असतं आणि दट्ट्यालाच बारीक भोकं असतात. चाक वरखाली झालं की दट्ट्या तेलातून जातो, तेल भोकांतून रडतरडत वाट काढतं, आणि त्या झगड्यात झोक्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. पीठ सैल झालं, किंवा सोऱ्याच्या कडेने गळायला लागलं तर काय होतं? दट्ट्या भसकन खाली जातो आणि चकलीऐवजी लगदा पडतो. तेल गळालेल्या किंवा आतून झिजलेल्या शॉकअपचं नेमकं तेच होतं.

मोटारीपेक्षा टोचनच्या गाडीत ह्याचं जास्त महत्त्व का, तेही सांगते. मागच्या चाकांच्याही मागे जेव्हा दुसरी गाडी उचलून लटकवतात, तेव्हा मागे भार येतो आणि पुढचा भाग हलका होतो. बागेतल्या सी-सॉच्या फळीवर एका टोकाला आत्याबाई बसल्या की दुसऱ्या टोकाचं पोर वर जातं, तसंच. पुढच्या चाकांवर वजन कमी म्हणजे स्टिअरिंग हलकं. त्यात पुढचे शॉकअप गेलेले असले तर ती हलकी चाकं रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी नाचतात. आणि जे चाक जमिनीला टेकलेलंच नाही ते ब्रेक लावून थांबेल कसं? वळणार तरी कसं? त्याशिवाय मागे लटकलेली गाडी स्वतःचा वेगळा झोका घेत असते, तो निराळाच.

आणि आपले रस्ते! लातूरहून चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येणारा मुख्य रस्ता आता पुष्कळ रुंद झाला आहे, नाही म्हणत नाही. पण टोचनची गाडी मुख्य रस्त्यावर थोडीच काम करते? तिला जावं लागतं कंधारच्या, मुखेडच्या, उदगीरच्या आतल्या रस्त्यांना, जिथे उसाची ट्रॉली चिखलात कलंडलेली असते. मी वर्गात दरवर्षी शिकवते की आपली काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ताही मग तिच्याबरोबर फुगतो, आकसतो, खचतो. कडा तुटतात आणि वर लाटा पडतात. मुलं ते पाठ करून परीक्षेत लिहितात. गाडीच्या चाकांना मात्र ते रोज, लाटेलाटेला सोसावं लागतं. वर उन्हाळा चाळिशीच्या पलीकडचा. तेल तापलं की पातळ होतं, हे कढईपाशी उभं राहणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गेल्या मार्गशीर्षात मी लातूरला आईकडे गेले होते. परतीच्या दिवशी ह्यांना लातूरमधूनच नांदेडच्या एका गिऱ्हाइकाची बंद मोटार आणायची होती. म्हणाले, “एस.टी.ला कशाला, चल बरोबर.” मी केबिनमध्ये मधे बसले, कडेला क्लीनर पोरगा, मांडीवर आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि चहाचा थर्मास. मागे मोटार लटकवलेली. मी त्या गाडीत जवळजवळ दोन वर्षांनी बसत होते, हे लक्षात ठेवा.

चाकूरच्या अलीकडेच मला जाणवलं. गतिरोधक आला, गाडी चढली, उतरली, आणि डोलतच राहिली. मी मनात मोजलं: एक, दोन, तीन, चार. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा चार. पूर्वी असं नव्हतं. मी विचारलं, “अहो, गाडी एवढी झोके का घेते आहे?” हे म्हणाले, “कुठले झोके? टोचनची गाडी अशीच असते.” क्लीनर पोराकडे पाहिलं, तर तो बिचारा एक हात टपाला लावून बसला होता, आणि आपण तसं बसलो आहोत हे त्याच्याही ध्यानात नव्हतं!

इथे मी जरा थांबून तुम्हाला विचारते. तुमच्या घरातल्या फ्रिजचा आवाज पाहुण्यांना ऐकू येतो की तुम्हाला? तसंच हे. शॉकअप रोज रत्तीभर झिजतो आणि चालवणारा रोज रत्तीभर जुळवून घेतो. थोडा आधी ब्रेक दाबतो, थोडं घट्ट स्टिअरिंग धरतो, खड्डा दिसला की अंग आवळतो. हे सगळं तो जाणूनबुजून करत नाही. म्हणून त्याला विचारून कळणार नाही. हे पुष्कळ दिवसांनी गाडीत बसणाऱ्या माणसाला विचारावं, आणि ते माणूस बहुतेक घरांत बायको असतं.

माळेगावजवळ आलो तेव्हा अंधार पडत होता. खंडोबाच्या यात्रेचे दिवस, जनावरं घेऊन निघालेली माणसं, घोडे, बैलगाड्या, सगळी रहदारी. एक बैलगाडी अचानक आडवी आली. ह्यांनी ब्रेक मारला. गाडीने नाक असं खाली घातलं की माझा थर्मास पुढे जाऊन आदळला. मग तेच नाक वर उठलं, मागची मोटार साखळीवर हिंदकळली, आणि त्या एका क्षणात हे स्टिअरिंग फिरवत होते आणि गाडी सरळच जात होती. थांबलो, ते बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर. गाडीवान काही बोलला नाही, आम्हीही नाही. लोह्यापर्यंत केबिनमध्ये कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर मी रात्री वही काढली. वही म्हणजे काही मोठं शास्त्र नाही, तारीख, वस्तू आणि रक्कम. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. पूर्वी पुढच्या टायरची जोडी जितकी चालायची, त्याच्या निम्म्याच दिवसांत आता नवी घ्यावी लागली होती. एकदा टायरवाल्याने रबरावर दोष टाकला होता, एकदा रस्त्यावर. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर औषधांचा हिशेब: पाठीचा पट्टा, मलम, तेल, डॉक्टरांची फी. वर्षभर ह्यांची कंबर दुखत होती. सासूबाई रोज रात्री विटेचा शेक देत होत्या, महानारायण तेल चोळत होत्या. सगळे पाठीवर उपाय करत होते, आणि पाठ ज्या सीटवर दिवसभर आपटत होती ती गाडी अंगणात निवांत उभी होती. सतत हादऱ्यात बसून काम करणाऱ्यांना कंबरदुखी जडते हे काही नवं नाही, ट्रॅक्टरवाल्यांना विचारा.

तरी खर्चाचा प्रश्न होताच. मुलगी दहावीला, क्लासचा दुसरा हप्ता जानेवारीत. हे म्हणाले, “ऊस संपेपर्यंत काढू.” म्हणजे फाल्गुन! मी वाद घातला नाही. वही समोर ठेवली आणि म्हटलं, “एका टायरच्या पैशात पुढचे दोन्ही शॉकअप येऊन वर काही उरतं. ते न बदलण्यासाठी तुम्ही किती टायर घेणार, तेवढं सांगा.” ह्यांनी वही दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. मीही गेले, कारण मला हे सगळं डोळ्यांनी बघायचं होतं.

मिस्त्री वयस्कर, बोलणं अस्सल आपल्याकडचं. मला वाटलं होतं की ते मोटारीसारखं बंपर दाबून बघतील. हसले. “वैनी, ते कारला ठीक हाय. ट्रकचे पाटे आपल्या दाबण्यानं हलतेत व्हय?” मग त्यांनी काय केलं, तर मागे काही न लटकवता गाडी अर्धा तास आतल्या खराब रस्त्यावर फिरवून आणायला सांगितली. आल्यावर इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, आणि मग वाकून चारही शॉकअपना एकेक करून हात लावला. आधी हात जवळ नेऊन धग बघायचे, मग टेकवायचे. मला म्हणाले, “तुमी बी बघा, पर सायलेन्सरला हात लागू देऊ नका.” मागचे दोन चांगले कोमट होते. पुढचा उजवा जेमतेम, आणि डावा थंडगार. विहिरीच्या पाण्यातल्या कळशीसारखा. मला सोऱ्या आठवला. जो झगडतो तो तापतो. जो थंड आहे तो काम करत नाही, नुसता लटकलेला आहे. इतकी सोपी परीक्षा, आणि पैसा लागत नाही!

मग त्यांनी डाव्याची नळी दाखवली. वरून खालपर्यंत ओल, त्यावर धूळ बसून काळा राप झालेला. नुसती ओलसर झाक असली तर लगेच घाबरायचं कारण नाही म्हणाले. पण तेल ओघळलेलं दिसलं, पुसलं आणि दोन दिवसांत पुन्हा ओघळलं, तर तो गेला समजायचं. दोन्ही टोकांचे रबरी बुशही त्यांनी पहारीने हलवून बघितले. ते चेपले असले की खड्ड्यात ‘टक्-टक्’ आवाज येतो, आणि मग नवा शॉकअप घालूनही गाडी वाजतच राहते. पाट्यांचं एखादं पान तुटलं आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का, तेही पाहिलं. हे बघायलाच हवं, कारण तुटलेल्या पाट्याचं दुखणं नव्या शॉकअपने बरं होत नाही. आणि काही जड ट्रकना मागे शॉकअप नसतातच, तिथे पाट्यांची पानं एकमेकांवर घासूनच झोका मरतो. तेव्हा आपल्या गाडीला कुठे किती आहेत ते आधी माहीत करून घ्यावं.

टायरची परीक्षा मला सर्वांत आवडली, कारण ती आपल्या हाताची आहे. टायरच्या नक्षीवरून तळहात गोल फिरवायचा, पुऱ्यांच्या पिठावरून फिरवतो तसा. टायर सगळीकडून सारखं झिजलेलं असलं तर ते वयाने झिजलं. पण हाताला उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा अशा लाटा लागल्या तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललं होतं असा दाट संशय घ्यावा. एका कडेनेच खाल्लेलं असलं तर मात्र दोष दुसरीकडे, चाकांच्या अलाइनमेंटकडे असण्याचा संभव. आमच्या पुढच्या दोन्ही टायरना लाटा होत्या. वही खोटं बोलली नव्हती.

“किती किलोमीटरला बदलायचे?” असं मी विचारलं. शिक्षिका ना, आकडा हवा असतो! मिस्त्री म्हणाले की कंपनीच्या पुस्तकात तपासणीचा आकडा असतो, तो पाळावा. पण टोचनच्या गाडीचं खरं वय काट्यावर दिसत नाही. दिवसभरात दहाच किलोमीटर चालली, पण चिखलातून चार ट्रॉल्या ओढल्या, तर काटा दहाच दाखवणार. मला हे पटलं. घरच्या बाईचे कष्टही कुठल्या काट्यावर दिसतात?

ह्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, “फक्त डावा बदलला तर?” मिस्त्री नाही म्हणाले. एका एक्सलचे दोन्ही एकदमच बदलायचे. एक नवा कडक आणि एक जुना ढिला असला की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. मग ह्यांनी जुन्यातच तेल भरून घेण्याचं विचारलं. त्यावर मिस्त्रींनी फक्त ह्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही नवे आले.

बदलल्यावर हे गाडी चालवून आले आणि काही विशेष नाही असा चेहरा केला. मी म्हटलं, मलाच बसू द्या. त्याच गतिरोधकांवरून, तोच चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसले. गाडी चढली, उतरली, एकदा दबली आणि थांबली. क्लीनर पोराचा हात आपोआप टपाकडे गेला आणि वाटेतच राहिला. मग तोच हसला.

कंबर पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. सीटचा फोमही बदलावा लागला, आणि वयही वयच आहे. पण रात्रीची वीट आता आठवड्यातून एखाद्या वेळीच तापते.

तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी टेंपो, जीप, पाण्याचा टँकर, दुधाची गाडी असेल. त्यांनाही हेच सगळं लागू आहे. आणि जिच्या घरी काहीच नाही तिलाही एक सांगते. राष्ट्रीय महामार्गावर तुमची गाडी बंद पडली तर १०३३ ह्या क्रमांकावर मदत मागता येते. टोचनची गाडी आली की तुमची मोटार हुकाला लावण्याआधी तिच्या पुढच्या चाकांकडे एकदा बघा, नळीवर तेल ओघळलेलं आहे का, टायर लाटालाटांचे आहेत का. तसं दिसलं तर दुसरी गाडी मागवायला लाजू नका. आणि काही झालं तरी लटकवलेल्या मोटारीत मुलांना बसू देऊ नका. “झोपलंय लेकरू, राहू दे” असं म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मागच्या गाडीतलं लेकरू पुढे केबिनमध्ये कुणालाच दिसत नसतं.

हल्ली मी दोन महिन्यांतून एकदा काहीतरी निमित्त काढून केबिनमध्ये बसते. हे म्हणतात, “आली आमची आर.टी.ओ.!” म्हणू देत. पुढचे शॉकअप बदलल्याची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिली आहे. मागचे अजून चालतील असं मिस्त्री म्हणतात. ऊस संपला, आतल्या रस्त्यांची कामं आटोपली की मी त्यांना त्या दोघांना पुन्हा एकदा हात लावून बघायला सांगणार आहे.